पंखांचं ओझं

सिग्नल हिरवा झालाय, पण पुढची मोटार हलत नाही. मागचा ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बहुधा झोपी गेलाय. घड्याळात दहाला पाच कमी आहेत आणि ऑफिसात मस्टर दहालाच उचलतात. अशा वेळी माणसाच्या मनात दोनच विचार येतात. पहिला : या डब्याला पंख असते तर! दुसरा : हा डबा पेट्रोल न पिता चालला असता तर! पहिला विचार साधारणपणे रिक्षात बसलेल्याला येतो, दुसरा रिक्षा चालवणाऱ्याला.

हे विचार आपल्यालाच प्रथम सुचले असं प्रत्येकाला वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही विचार शंभर वर्षांहून जुने आहेत. आणि लोक नुसता विचार करून थांबले नाहीत. त्यांनी खरोखरच पंखांच्या मोटारी आणि विजेच्या हलक्या गाड्या बांधल्या, चालवल्या, उडवल्या आणि पाडल्यासुद्धा. अशा पहिल्यावहिल्या गाडीला इंग्रजीत प्रोटोटाइप म्हणतात. मराठीत आपण ‘नमुना’ म्हणतो. मराठी भाषा मोठी चतुर. त्या एका शब्दात तिनं वस्तूही बसवली आणि ती बनवणारा माणूसही. गॅरेजमध्ये पत्रा ठोकत बसलेल्या नवऱ्याकडे बघून बायको ‘काय नमुना आहे!’ असं म्हणते, तेव्हा ती गाडीबद्दल बोलतेय की नवऱ्याबद्दल, हे तिचं तीच जाणे.

राइट बंधूंचं विमान उडालं १९०३ साली. त्यानंतर चौदाच वर्षांत, म्हणजे १९१७ साली, ग्लेन कर्टिस नावाच्या अमेरिकन विमानकर्त्यानं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एक ‘ऑटोप्लेन’ मांडलं. ॲल्युमिनियमची मोटार, आत गुबगुबीत बैठक, आणि डोक्यावर एकावर एक असे तीन मजली पंख. चाळीतल्या गॅलऱ्यांसारखे! या वाहनानं चार-दोन छोट्या उड्या मारल्या, पण खरं उड्डाण म्हणावं असं काही केलं नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मारुतीचं काम करणारा मुलगा टेबलावरून जितकं लंकेकडे जातो, तितकंच हे आकाशाकडे गेलं.

पण कल्पना सुटली ती सुटलीच. आणि इथंच माझ्या कॉमर्सच्या डिग्रीचा आयुष्यात प्रथमच उपयोग होतोय, म्हणून तो करून घेतो. आमच्या जमाखर्चात ‘दुहेरी नोंद’ म्हणून एक पद्धत असते. एकीकडे जमा दाखवलं की दुसरीकडे नावे टाकावंच लागतं. उडणाऱ्या मोटारीचा सगळा हिशेब या दुहेरी नोंदीत अडकलेला आहे. पंख ही आकाशात जमेची बाजू. रस्त्यावर तेच पंख नावे पडतात, कारण ते घेऊन कुठल्या गल्लीत शिरणार? धक्के सोसणारी मजबूत चाकं, बंपर, दारं, मडगार्ड ही रस्त्यावर जमा; आकाशात गेलं की ते सगळं नुसतं ओझं. म्हणजे जमिनीवर असताना आकाशाचं बोचकं आणि आकाशात असताना जमिनीचं गाठोडं. सासर आणि माहेर, दोन्हीकडचं सामान कायम डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या बाईला कुठल्याच घरी निवांत बसता येणार नाही, तसं हे.

या बोचक्याचं काय करायचं, यावरच पुढच्या सगळ्या नमुन्यांनी डोकं खाजवलं.

रॉबर्ट फुल्टन नावाचे एक गृहस्थ होते. यांनी तरुणपणी, १९३२ साली, लंडनहून मोटारसायकलवर निघून थेट तोक्यो गाठलं होतं. त्यामुळे वेडेपणाचा अनुभव गाठीशी होता. त्यांनी १९४६ साली ‘एअरफिबियन’ उडवलं. त्यांची युक्ती सोपी होती : विमानतळावर उतरायचं, पंख, शेपूट आणि पंखा तिथंच काढून ठेवायचा आणि उरलेली मोटार घेऊन गावात जायचं. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसं! १९५० च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारनं या यंत्राला रीतसर प्रमाणपत्रही दिलं. असं प्रमाणपत्र मिळालेलं हे पहिलंच वाहन. पण देवळाबाहेर चपला काढणाऱ्याला जी चिंता असते ती इथंही होतीच. चपला जिथं काढल्या, तिथंच घ्यायला परत यावं लागतं. गावातून परस्पर पुढं उडून जाईन म्हटलं तर पंख मागं विमानतळावर! चारएक नमुने झाले, पैसा पुरवणारे दमले आणि एअरफिबियन संग्रहालयात जाऊन बसलं.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात कॉन्व्हेअर या विमान कंपनीत थिओडोर हॉल नावाच्या अभियंत्यानं याच्या पुढची युक्ती काढली. पंख घरी ठेवायचेच कशाला? मोटार आपली, पंख भाड्याचे! लग्नात मांडववाल्याकडून गाद्या-लोड आणतो तसे विमानतळावरून पंख आणायचे, मोटारीच्या टपावर बसवायचे आणि काम झालं की परत करायचे. मोटारीत एक छोटं इंजिन, वर पंखांच्या जुडग्यात दुसरं मोठं इंजिन. साहजिकच पेट्रोलच्या टाक्या दोन आणि काटेही दोन. कंपनीनं लाख-दीड लाख गाड्यांची स्वप्नं पाहिली. नोव्हेंबर १९४७ मध्ये चाचणी सुरू असताना सॅन डिएगोजवळ हे वाहन खाली आलं. कारण? वरच्या टाकीतलं पेट्रोल संपलं. असं सांगतात, की वैमानिकानं निघताना काटा नीट पाहिला होता, टाकी भरलेलीही होती. फक्त तो काटा मोटारीचा होता, विमानाचा नव्हता! वैमानिक थोडक्यात बचावला, पण कंपनीची हौस बचावली नाही. दुसरा नमुना उडवून पाहिला, पण तोवर गिऱ्हाईक आणि कंपनी दोघांचंही मन उडालं होतं. दोन पासबुकं बाळगणाऱ्या माणसानं हा प्रसंग फ्रेम करून भिंतीवर लावावा. शिल्लक कुठल्या खात्यात आहे हे बघूनच चेक फाडावा.

या सगळ्यांत चिवट माणूस म्हणजे मोल्टन टेलर, वॉशिंग्टन राज्यातल्या लाँगव्ह्यू गावचा. फुल्टनचं यंत्र बघून याला वाटलं, पंख मागं का ठेवायचे? बरोबरच न्यावेत! त्याचं ‘एअरोकार’ १९४९ साली उडालं. उतरल्यावर पंख आणि शेपूट दुमडायची आणि त्याचीच हातगाडी करून मोटारीमागं जोडायची. सगळा कार्यक्रम एकट्या माणसाला पाच मिनिटांत उरकता येई. मागच्या नंबरप्लेटची पाटी उचलली की आत पंख्याचा दांडा जोडायची जागा निघायची. जिथं आपण लिंबू-मिरची बांधतो तिथं यानं विमान बांधलं होतं! १९५६ साली सरकारी प्रमाणपत्र मिळालं. रस्त्यावर ताशी साठ मैल, आकाशात ताशी शंभर. एका मोठ्या कंपनीनं कारखान्यात बनवायची तयारीही दाखवली. अट एकच : आधी पाचशे गाड्यांची मागणी नोंदवून आणा.

टेलरसाहेबांना मिळाल्या २७८.

उरलेली २२२ माणसं कुठं होती? माझा अंदाज आहे, ती आपल्यासारखीच सिग्नलला उभी राहून ‘या डब्याला पंख असते तर’ असं म्हणत होती. म्हणायला पैसे पडत नाहीत. एकूण सहा एअरोकार तयार झाल्या. टेलर त्यानंतरही वर्षानुवर्षं सुधारणा करत राहिले.

सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी गेल्या नाहीत. १९७३ साली हेन्री स्मोलिन्स्की या अभियंत्यानं फोर्ड कंपनीची ‘पिंटो’ ही छोटी मोटार घेतली आणि तिला सेसना विमानाचे पंख आणि मागची बाजू जोडली. दोन तयार वस्तू बाजारातून आणून जोडल्या की तिसरी होते, असा हा सरळ हिशेब. ११ सप्टेंबर १९७३ रोजी कॅलिफोर्नियात उड्डाण करताना पंखाचा आधार मोटारीच्या अंगापासून सुटला. स्मोलिन्स्की आणि त्यांचे सहकारी हॅरल्ड ब्लेक दोघंही त्यात गेले. चौकशीत जोडकामातले दोष निघाले. विमानाचं वजनही जास्तच होतं. रस्त्यासाठी केलेली मोटार रस्त्याला टेकून राहते म्हणून जड असते. तिला आकाशात कोण टेकू देणार?

स्लोव्हाकियात २८ जून २०२१ रोजी श्तेफान क्लाइन यांची ‘एअरकार’ नित्रा शहरातून उडून पस्तीस मिनिटांत ब्रातिस्लाव्हाला उतरली आणि दोन-सव्वादोन मिनिटांत पंख पोटात घेऊन मोटार होऊन गावात शिरली. पुढच्या जानेवारीत तिला प्रमाणपत्रही मिळालं. म्हणजे पंखांची मोटार होत नाही असं मुळीच नाही. ती १९४६ लाही झाली, १९४९ लाही झाली, २०२१ लाही झाली. ती दर वेळी होते. फक्त एकच होते. दुसरी, दहावी, हजारावी होत नाही, कारण चांगली मोटार आणि चांगलं विमान वेगवेगळं घेतलेलं दर वेळी परवडतं.

आता सिग्नलवरचा दुसरा विचार : पेट्रोल न पिणारी गाडी. इथं पंखांचं ओझं नाही, पण बॅटरीचं आहे. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण बारा हजार वॉट-तास इतकी ऊर्जा असते. जुन्या शिशाच्या बॅटरीच्या एका किलोत तीस ते चाळीस! इंजिन पेट्रोलमधली बरीचशी ऊर्जा नुसती उष्णता करून उधळतं हे धरलं तरी तफावत सावकार आणि कारकून यांच्यातल्याएवढीच राहते. लांब जायचं तर बॅटऱ्या जास्त घ्याव्यात. बॅटऱ्या जास्त घेतल्या की वजन वाढतं. ते वजन ओढायला आणखी बॅटऱ्या लागतात. कर्जाचे हप्ते फेडायला दुसरं कर्ज काढणाऱ्याला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

यावर एक उपाय म्हणजे गाडीच हलकी करणे. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर या गृहस्थांनी स्वस्त कॅल्क्युलेटर आणि घरगुती संगणक विकून नाव कमावलं होतं. ‘सर’ ही पदवीही मिळाली होती. त्यांनी १० जानेवारी १९८५ रोजी लंडनमध्ये ‘सी-फाइव्ह’ नावाची तीनचाकी सादर केली. बॅटरीसकट वजन जेमतेम ४५ किलो. मोटर २५० वॉटची, म्हणजे आपल्या मिक्सरच्या निम्मी. वेग ताशी १५ मैल, किंमत ३९९ पौंड, लायसन नको आणि वय चौदा पुरे. वजन कमी करताना सरांनी एकेक वस्तू काढून टाकली. चौथं चाक काढलं, दारं काढली आणि शेवटी छप्परही काढलं. लंडनमध्ये, जानेवारीत, छप्पर! वर उंची इतकी कमी, की शेजारून लॉरी गेली तर स्वाराचं डोकं लॉरीच्या चाकाशी कुजबुजायला लागे. चढावर पायडल मारायची सोय होती. मोटारीला पैसे मोजून सायकलचे कष्ट करायचे, ही कल्पना इंग्रज गिऱ्हाइकाला रुचली नाही. चौदा हजारांच्या आसपास गाड्या बनल्या, त्यातल्या पाचेक हजार विकल्या गेल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनीवर रिसीव्हर बसला.

तेव्हा नुसतं हलकं करून भागत नाही. काय टाकायचं आणि काय ठेवायचं, हे कळावं लागतं. ही विद्या ज्याला साधली, तो माणूस मोटारवाला नव्हताच. तो जामीनदार होता.

बँकेत नोकरी करत असल्यामुळे जामीनदार ही जमात मी जवळून पाहिलेली आहे. कर्ज घेताना कर्जदार फॉर्म भरून भरून घामाघूम झालेला असतो. जामीनदार शेजारच्या खुर्चीत चहा पीत असतो आणि ‘कुठं करू?’ असं हसत विचारून सही ठोकतो. तीन वर्षांनी दृश्य बदलतं. कर्जदाराचा फोन लागत नाही आणि जामीनदार घामाघूम झालेला असतो. चहा आता आम्ही पीत असतो.

पॉल मॅकक्रेडी हे कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ. विमानविद्येतली डॉक्टरेट, आणि १९५६ साली इंजिनाशिवाय ग्लायडर उडवण्याची जागतिक स्पर्धा जिंकलेली. इतका शिकलेला माणूस, पण एका नातेवाइकाच्या धंद्यासाठी बँकेला जामीन राहिला. (नातं कोणतं ते विचारू नका. आपल्याकडे तो मेव्हणाच असतो.) धंदा बसला आणि सुमारे एक लाख डॉलरचं कर्ज मॅकक्रेडींच्या गळ्यात पडलं.

आता १९७६ च्या उन्हाळ्यात हे साहेब कुटुंबासह मोटारीनं सुट्टीला निघाले होते. कर्ज घरी ठेवता येत नाही, ते बरोबर येतंच. अशात त्यांना आठवलं, की इंग्लंडातले हेन्री क्रेमर नावाचे उद्योगपती बऱ्याच वर्षांपासून एक बक्षीस लावून बसलेत. माणसानं केवळ स्वतःच्या ताकदीवर, इंजिनाशिवाय, विमान उडवायचं आणि अर्ध्या मैलावरच्या दोन खांबांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढून दाखवायचा. बक्षीस पन्नास हजार पौंड. आणि पौंडाचा भाव त्या सुमारास दोन डॉलरच्या आसपास. पन्नास हजार गुणिले दोन! हा गुणाकार जगात अनेकांना येत होता, पण त्याचं उत्तर कर्जाच्या आकड्याशी जुळल्याचा आनंद फक्त एका जामीनदारालाच होऊ शकत होता.

प्रवासात आकाशात घारी आणि गिधाडं फिरताना दिसत. मॅकक्रेडी ती बघत बसले. किती सेकंदांत एक गिरकी पुरी होते, गिरकी घेताना पक्षी किती कलतो. या कलण्याला इंग्रजीत ‘बँक’ म्हणतात! जमिनीवरच्या बँकेनं गांजलेला माणूस आकाशातली बँक मोजत होता. मोजता मोजता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. वजन तेवढंच ठेवून विमानाचा पसारा तिप्पट केला, तर ते हवेत ठेवायला लागणारी ताकद एक तृतीयांशावर येते. खानदेशातली बाई पुरणाचा मांडा करते तो बघा. गोळा तेवढाच, पण हातावर खेळवत खेळवत ती त्याची चादर करते. मॅकक्रेडींनी विमानाचा मांडा केला. ‘गॉसमर काँडोर’. दोन्ही पंखांचा विस्तार ९६ फूट आणि वजन अवघं ३२ किलो. आपल्याकडे लग्नाला निघालेल्या कुटुंबाची एक ट्रंक याहून जड असते.

आधीच्या स्पर्धकांची विमानं फार देखणी होती. महिनोन् महिने राबून बनवलेली, गुळगुळीत, तासलेली. ती एकदा आपटली की दुरुस्तीला पुन्हा महिने लागत, म्हणून उडवणाराच भीत असे. मॅकक्रेडींचं विमान म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्या, बारीक तारा, पारदर्शक प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी. ते मोडायचं, पण लगेच पुन्हा जोडलं जायचं. मोडण्याची भीती नसल्यामुळे रोज काहीतरी बदलून बघता यायचं. नमुना कसा असावा याचं सगळं शास्त्र मला इथं सापडलं. नमुना मोडण्यासाठीच असतो. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबशीसारखा तो जपायला गेलात, तर तो काहीच शिकवत नाही.

२३ ऑगस्ट १९७७ रोजी कॅलिफोर्नियातल्या शाफ्टर गावी ब्रायन ॲलन या सायकलपटूनं पायडल मारत मारत आठचा आकडा पुरा केला. पुढं १२ जून १९७९ रोजी त्याच जोडीनं ‘गॉसमर अल्बट्रॉस’ घेऊन इंग्लिश खाडी ओलांडली. दोन तास एकोणपन्नास मिनिटं सतत पायडल! त्याचं बक्षीस एक लाख पौंड. जामीनदारानं कर्ज फेडून वर नफा काढल्याची ही माझ्या माहितीतली एकमेव केस आहे.

हलकेपणाची ही विद्या मग जमिनीवर उतरली. १९८७ साली ऑस्ट्रेलियात डार्विनपासून ॲडलेडपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटरची, केवळ उन्हावर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत लागली. जनरल मोटर्स या प्रचंड कंपनीनं मॅकक्रेडींच्या मंडळींना बोलावलं. त्यांनी ‘सनरेसर’ नावाची झुरळासारखी चपटी गाडी बनवली. भर दुपारी तिला मिळणारी वीज दीड किलोवॉटच्या आसपास. आपल्या न्हाणीघरातल्या गिझरला लागते तेवढी! तेवढ्यावर ती ताशी सरासरी ६७ किलोमीटरनं धावली आणि दुसरी गाडी पोचायच्या दोन दिवस आधीच ॲडलेडला पोचली.

मग रोजच्या रस्त्यावरची गाडी झाली. जानेवारी १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या मोटार प्रदर्शनात तिचा नमुना मांडला. शिशाच्या ३२ बॅटऱ्या, त्यांचंच वजन जवळजवळ चारशे किलो. पण बाकीची गाडी इतकी हलकी आणि हवा कापणारी, की एकूण वजन एक टनाच्या घरात राहिलं आणि आठ सेकंदांत ती ताशी साठ मैलांवर जाई. नाव मात्र ठेवलं होतं ‘इम्पॅक्ट’. म्हणजे धडक! मोटारीचं नाव ‘धडक’ ठेवणं म्हणजे पतपेढीचं नाव ‘दिवाळखोरी’ ठेवण्यापैकीच. नंतर विक्रीखात्यातल्या कुणाला तरी जाग आली असावी. १९९६ मध्ये ती रस्त्यावर आली तेव्हा नाव ‘ईव्ही-वन’ होतं.

त्या नमुन्याची धडक भलतीकडेच बसली होती. अशी गाडी होऊ शकते हे डोळ्यांनी दिसल्यावर कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं १९९० मध्येच नियम काढला, की १९९८ पासून मोठ्या कंपन्यांनी शंभरांतल्या दोन गाड्या तरी धूर न सोडणाऱ्या विकाव्यात. नमुना दाखवून टाळ्या घेणं वेगळं आणि त्या नमुन्याचा नियम होणं वेगळं. शेजाऱ्याच्या मुलाचा पहिला नंबर आल्याचं कौतुक आपण करतो, पण तीच मार्कशीट घरात आपल्यासमोर नाचवली की कपाळाला आठ्या पडतात. मोटार कंपन्यांनी जोर लावला आणि नियम सैल होत गेला.

ईव्ही-वन एकूण १,११७ बनल्या. त्या विकल्या नाहीत, भाडेकरारानं दिल्या. आणि २००३ च्या सुमारास, सुटे भाग आणि सुरक्षिततेची हमी देता येणार नाही असं सांगून, कंपनीनं त्या परत मागवल्या. वापरणारे लोक गाडी सोडायला तयार नव्हते. २००५ साली बरबँक इथं उरलेल्या ७८ गाड्या कुंपणात उभ्या होत्या. लोक रात्रंदिवस पाळी लावून कुंपणाबाहेर बसले आणि प्रत्येक गाडीचे चोवीस हजार डॉलर, म्हणजे एकूण जवळजवळ एकोणीस लाख डॉलर मोजायला तयार झाले. कंपनीनं नकार दिला. बहुतेक गाड्या दाबयंत्राखाली चपट्या झाल्या. काही संग्रहालयांत गेल्या, त्यांचं चालतं यंत्र निकामी करून.

माझ्या वीसएक वर्षांच्या नोकरीत हप्ता चुकला म्हणून गाडी ओढून नेताना रडणारी माणसं मी पाहिली आहेत. पण इथं एकही हप्ता चुकला नव्हता. टेलरसाहेबांकडं गाडी होती, गिऱ्हाईक नव्हतं. इथं गाडीही होती, गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन कुंपणाला नाक लावून उभं होतं. नव्हती ती फक्त विकणाऱ्याची इच्छा. सगळं ओझं उतरवलेली गाडी शेवटी कंपनीला स्वतःलाच ओझं वाटली.

पण नमुना मेला तरी वंश चालतो. इम्पॅक्टच्या विजेच्या यंत्रणेवर ॲलन कोकोनी नावाच्या अभियंत्यानं काम केलं होतं. पुढं त्याच्या छोट्या कंपनीनं ‘टी-झीरो’ ही विजेची शर्यतीची गाडी केली. ती पाहून ज्यांना स्फुरण चढलं, त्यांनी २००३ मध्ये टेस्ला नावाची कंपनी काढली. ज्या वर्षी मोठ्या घरानं पोराला बाहेर काढलं, त्याच वर्षी नातवानं वेगळं दुकान थाटलं.

आणि हे सगळं अमेरिकेतच झालं असं नाही. सातारा जिल्ह्यात फलटणला, उसाच्या ट्रॉल्यांच्या गावात, निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विजेची सायकलरिक्षा बनवली. त्यांनी आधी काय पाहिलं असेल, तर जुनी सायकलरिक्षा किती जड आणि बेढब आहे ते. माणूस माणसाला ओढतो, हे ओझं कमी कसं करायचं, हा त्यांचा प्रश्न होता. बंगळुरूची ‘रेवा’ ही विजेची छोटी मोटार २००१ साली बाजारात आली तेव्हा लोक तिला खेळणं म्हणून हसले. आज उत्तरेतल्या कुठल्याही शहरात विजेच्या रिक्षांचे थवे दिसतात. २०१० नंतर त्या इतक्या वाढल्या, की २०१४ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयानं त्यांना बंदी केली आणि २०१५ मध्ये संसदेला कायदा बदलून त्यांना जागा करून द्यावी लागली. दिसायला साध्या आणि चालायला खडखडणाऱ्या. पण सिग्नलवरचा दुसरा विचार ज्याला येतो, त्या रिक्षावाल्याच्या हातात ती गाडी पोचली. पहिला विचार ज्याला येतो तो पाठीमागे बसलेला प्रवासी अजून आकाशाकडेच बघतोय.

त्याला बघू द्या. आकाशाकडे बघण्यात नुकसान काहीच नाही. फक्त रिकामं बघू नये, मॅकक्रेडींसारखं मोजत बघावं. तेव्हा यापुढं मेव्हणा जामिनाचा फॉर्म घेऊन घरी आला, तर त्याला एकदम नाही म्हणून बायकोला दुखवू नका. चहा द्या, त्याला गॅलरीत न्या आणि वर आकाशात एखादी घार फिरतेय का ते नीट बघा. घार दिसली आणि तिच्या गिरकीचं गणित तुम्हाला जमलं, तर खुशाल सही करा. नाहीतर त्याला आमच्या शाखेचा पत्ता द्या. चहा आम्ही पाजू.